९८.२ टक्के जुळणी म्हणजे नवी प्रजाती का?

दर्यापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने स्वतःच्या शेतातील, नाल्याकाठच्या खारवट मातीतून नारिंगी वसाहतीचा एक जिवाणू वेगळा केला. एका खासगी कंपनीकडून १६एस या, जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, जनुकाचा अनुक्रम (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) करून घेतला, तेव्हा ८२० अक्षरांचा अहवाल आला आणि सर्वांत जवळची जुळणी हॅलोबॅसिलस या जीनसमधील (जवळच्या प्रजातींच्या गटातील) एका प्रजातीशी ९८.२ टक्के निघाली. "मर्यादा ९८.६५ आहे असे वाचले. मग ही नवी प्रजाती आहे असे प्रकल्पात लिहू का? पुढे काय करावे लागेल? आणि आमच्या गावाचे नाव देता येईल का?"

मी बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली २२ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, लोणारच्या काठावरचे आणि खारपाणपट्ट्यातील नमुने घेऊन काम करतो आणि मोठ्या प्रयोगशाळांच्या मदतीने दोन प्रजातींच्या वर्णनात माझा सहभाग राहिला आहे. याहून कितीतरी अधिक वेळा मी नवी समजलेली गोष्ट जुनीच निघाली, आणि या उत्तरातील बराचसा भाग त्या फसलेल्या प्रयत्नांतून आलेला आहे.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करतो. बालभारतीच्या पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज, पण बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हटले जाते. तुम्हीही तसेच लिहिले आहे, म्हणून मीही इथे स्पीशीजला प्रजाती आणि जीनसला जीनसच म्हणतो. प्रबंधात मात्र एकदा व्याख्या देऊन मगच शब्द वापरा.

तुमचा प्रश्न ९८.२ हा आकडा पुरेसा आहे का, असा दिसतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. शेताचे खरेदीखत करताना नुसते क्षेत्र लिहून भागत नाही. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणाचा बांध, उत्तरेस नाला की पांदण, अशी चतुःसीमा लिहावी लागते, कारण जमिनीचा तो तुकडा कोणता हे शेजाऱ्यांवरूनच ठरते. जिवाणूच्या नव्या प्रजातीचे वर्णनही असेच असते. तो कोणकोणत्या ज्ञात प्रजातींच्या शेजारी बसतो, आणि त्या प्रत्येकीपासून कुठे व किती वेगळा आहे, हे दाखवावे लागते. ९८.२ हा आकडा फार तर एका बाजूचा बांध सांगतो, आणि तो बांध तरी नीट मोजलेला आहे का, याचीच मला आधी शंका आहे.

ती शंका दोन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण तुमची प्लेट. एकच जिवाणू हातात आहे याची खात्री तुम्ही कशी केली, हे प्रश्नात लिहिलेले नाही. खारवट मातीतील जिवाणू एकमेकांना चिकटून वाढतात. मिठाच्या माध्यमावर वाढ हळू असते, त्यामुळे २४ तासांनी जी वसाहत एकटी दिसते तिच्या कडेला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरे काहीतरी उगवते. लोणारच्या एका नमुन्यातून मला असाच एक फिकट नारिंगी जिवाणू मिळाला होता. जुळणी ९७ टक्क्यांच्या खाली आली आणि मी तीन महिने हवेत होतो. नंतर सहकार्य करणाऱ्या प्रयोगशाळेतील बाईंनी फोन करून शांतपणे विचारले, "सर, तुम्ही क्रोमॅटोग्राम उघडून पाहिला होता का?" मी फक्त अक्षरांची फाइल पाहिली होती. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्राने काढलेल्या शिखरांच्या मूळ आलेखात, जागोजाग एका शिखराखाली दुसरे लहान शिखर होते, म्हणजे नमुन्यात दोन जिवाणू होते आणि यंत्राने दोघांची अक्षरे मिसळून एक तिसराच प्राणी तयार केला होता. प्लेट पुन्हा उजेडात धरली तेव्हा नारिंगी वसाहतीभोवती केसाएवढी पारदर्शक किनार दिसली. ती तिथे पहिल्या दिवसापासून होती.

म्हणून पहिले काम म्हणजे एकाच सुट्या वसाहतीवरून पुन्हा स्ट्रीक करणे (तारेने नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून पसरवणे), आणि हे निदान पाच वेळा, प्रत्येक वेळी प्लेट पाच-सात दिवस ठेवून करणे. एकदा मीठ घातलेल्या आणि एकदा कमी मिठाच्या माध्यमावर स्ट्रीक करा, कारण सोबतचा जिवाणू बहुधा कमी मिठावर उघडा पडतो. माध्यमात घरचे मीठ घालू नका, त्यात आयोडीन आणि मीठ मोकळे ठेवणारी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेचे सोडियम क्लोराइडच वापरा. दरवेळी ग्रॅम स्टेन, म्हणजे पेशीभित्तिकेचा प्रकार दाखवणारे रंजन, करून पाहा. हॅलोबॅसिलस असेल तर तो ग्रॅम-पॉझिटिव्ह असेल आणि बहुधा बीजाणू तयार करील. तेव्हा आठवडाभर जुन्या वाढीवर मॅलॅकाइट ग्रीनने बीजाणूंचे रंजन करा आणि बीजाणू गोल की लंबगोल, पेशीच्या मध्यावर की टोकाला, हे लिहून ठेवा. पुढे वर्णनात ते लागते आणि तेव्हा आठवत नाही.

शुद्धता पटली की त्याच दिवशी जिवाणूच्या प्रती जतन करा. आपल्याकडे उणे ८० अंशांचा फ्रीझर असलेली महाविद्यालये थोडी आहेत, आणि जिथे तो आहे तिथेही लोडशेडिंग आणि दिवाळीच्या सुट्या चुकत नाहीत. मी ग्लिसरॉलमधील प्रती तर ठेवतोच, शिवाय चार-पाच स्लँट (तिरक्या गोठवलेल्या माध्यमाच्या नळ्या) खनिज तेलाखाली ठेवतो आणि एक प्रत दुसऱ्या गावातील सहकाऱ्याकडे देऊन ठेवतो. यंत्र बंद पडल्यामुळे एक चांगला जिवाणू कायमचा गेल्याचे दुःख मला आहे; त्याचा अनुक्रम अजून माझ्या संगणकात आहे, जिवाणू कुठेच नाही.

शंकेचे दुसरे ठिकाण म्हणजे तुमचे ८२० अक्षरांचे वाचन. १६एस जनुक सुमारे १५०० अक्षरांचे असते. तुमच्या कंपनीने बहुधा एकाच बाजूने, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीपासून वाचणाऱ्या २७एफ प्रायमरने, वाचून अहवाल दिला आहे. आता हिशोब करू. ८२० पैकी १.८ टक्के फरक म्हणजे साधारण १५ अक्षरे. अशा वाचनाची सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरे आणि शेवटचा भाग अस्पष्ट असतो आणि यंत्र तिथे अंदाजाने अक्षर लिहिते. या १५ पैकी पाच फरक जरी अशा अस्पष्ट टोकांतील असले, तरी खरे फरक १० उरतात आणि जुळणी ९८.८ टक्क्यांवर जाते, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या वर. शिवाय या जनुकातील बदल सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. पहिल्या सुमारे पाचशे अक्षरांत बदलणारे भाग दाट आहेत, तर पुढचे काही भाग इतके स्थिर आहेत की दूरच्या नातेवाइकांतही सारखेच राहतात. तुमचे वाचन या चंचल भागापासून सुरू होते, त्यामुळे संपूर्ण जनुक वाचले की जुळणी वाढण्याचीच शक्यता जास्त. समजा उरलेल्या ६३० अक्षरांत तीनच फरक निघाले, तर १४५० अक्षरांत १८ फरक, म्हणजे ९८.७६ टक्के. हे सगळे अंदाज आहेत आणि तुमच्या बाबतीत उलटही घडू शकेल. पण जो निष्कर्ष पाच अक्षरांनी फिरतो, त्यावर प्रबंधाचे शीर्षक बेतू नये. दोन्ही बाजूंनी वाचून, क्रोमॅटोग्राम स्वतः तपासून, निदान १४०० अक्षरांचा स्वच्छ अनुक्रम हाती घ्या.

मर्यादेविषयीही थोडे सांगतो, कारण ९८.६५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये या जनुकाच्या आधारे जीवसृष्टीची मांडणी केली, तेव्हापासून ते जिवाणूंच्या नातेसंबंधांचे मुख्य साधन झाले. मात्र प्रजातीची सीमा १९८७ पासून दुसऱ्याच कसोटीवर ठरलेली होती. दोन जिवाणूंचे संपूर्ण डीएनए एकत्र तापवून, सुटे करून, थंड होताना ते एकमेकांशी किती जुळतात हे मोजायचे. ७० टक्के किंवा अधिक जुळले तर प्रजाती एक. (हे ७० टक्के म्हणजे ७० टक्के अक्षरे सारखी, असा अर्थ नाही. तोंडी परीक्षेत ही चूक फार ऐकू येते.) हे काम किचकट होते, म्हणून १९९४ मध्ये स्टॅकेब्रांट आणि गोबेल यांनी दाखवून दिले की १६एसची जुळणी ९७ टक्क्यांच्या खाली असेल तर ७० ची कसोटी करण्याची गरजच नाही, उत्तर 'वेगळी प्रजाती' असेच येते. पुढे माहिती वाढली तशी ही सीमा २००६ मध्ये ९८.७ ते ९९ च्या दरम्यान सरकवली गेली, आणि २०१४ मध्ये संपूर्ण जीनोमशी, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएशी, ताडून ९८.६५ हा आकडा आला. या प्रवासात एक गोष्ट बदललेली नाही. ही सीमा एकाच दिशेने काम करते. जुळणी तिच्या पुरेशी खाली असेल तर वेगळेपणाचा दावा भक्कम होतो. ती वर असेल तर काहीच ठरत नाही, आणि सीमेच्या आसपास असेल तर पुढची कसोटी करावीच लागते. तुमचा जिवाणू या आसपासच्या पट्ट्यात आहे. त्यातही हॅलोबॅसिलस हे असे जीनस आहे की त्यातील अनेक मान्यताप्राप्त प्रजाती एकमेकींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळतात. त्या वस्तीत घरे जवळजवळ आहेत.

एक जनुक किती फसवू शकते, याचे उदाहरण विदर्भातील कापूस उत्पादकाच्या तोंडी रोज असते. 'बीटी'मधले बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीतील थुरिंजिया या प्रांतावरून हे नाव पडले, आणि त्याच्या विषारी प्रथिनाचे जनुक घातलेल्या कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. हा जिवाणू, अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सीरियस आणि जनावरांना काळपुळी करणारा बॅसिलस अँथ्रासिस, या तिघांचे १६एस जनुक जवळजवळ एकसारखे आहे. नुसत्या १६एसच्या अहवालावरून तुम्ही शेतकऱ्याचा मित्र आणि गुरांचा काळ यांत फरक करू शकणार नाही. बीटीची ओळख असलेल्या विषाच्या स्फटिकाचे जनुक तर बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या लहान डीएनए-वलयावर असते. ते वलय हरवले की तोच जिवाणू प्रयोगशाळेत सीरियससारखा दिसतो. तरीही ही तीन नावे वेगळी ठेवली गेली, कारण वैद्यकात आणि शेतीत ती वेगळी असणे गरजेचे वाटले. वर्गीकरणात माणसाची सोय किती मिसळलेली असते, हे इथे स्पष्ट दिसते.

म्हणून आजची निर्णायक कसोटी संपूर्ण जीनोमची आहे. तुमच्या जिवाणूचा जीनोम साधारण ४० लाख अक्षरांचा निघेल. त्याचे हजारेक अक्षरांचे तुकडे करून ते शेजारच्या प्रजातीच्या जीनोममध्ये शोधायचे, जे तुकडे सापडतात त्यांच्या जुळणीची सरासरी काढायची. तिला सरासरी न्यूक्लिओटाइड जुळणी, प्रयोगशाळेच्या भाषेत एएनआय, म्हणतात. ती ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी मानतात. जुन्या ७० टक्क्यांच्या कसोटीचे संगणकीय रूपही आता विनामूल्य उपलब्ध आहे. आकड्यांच्या बाबतीत मी एवढेच सांगेन की ९० आला तर निश्चिंत राहा आणि ९५.३ आला तर झोपू नका, कारण तिथे पुन्हा सीमेवरचाच वाद सुरू होतो आणि इतर पुरावे लागतात. जीनोम करून घेताना प्रत्येक जागा निदान ५० वेळा वाचली जाईल एवढी खोली मागा, आणि मूळ वाचनांच्या फाइल्स कंपनीकडून ताब्यात घ्या. नुसता रंगीत आलेखांचा अहवाल घेऊ नका.

आता शेजारी कोण, हे कसे ठरवायचे? सर्वसाधारण ब्लास्ट शोधात (अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यातील जुळणी शोधताना) वरच्या ओळींत येणारे अनुक्रम पुष्कळदा न वाढवलेल्या, अनामिक किंवा चुकीचे नाव दिलेल्या जिवाणूंचे असतात. तुलना करायची ती फक्त टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्या मूळ स्ट्रेनवर (वेगळ्या करून वाढवलेल्या वाणावर) त्या प्रजातीचे नाव बांधलेले आहे तिच्याशी. ईझेडबायोक्लाउडसारख्या संग्रहात शोध टाइप स्ट्रेनपुरता ठेवता येतो आणि कोणते नाव आज वैध आहे हे एलपीएसएनच्या यादीत तपासता येते. ९७ टक्क्यांहून अधिक जुळणाऱ्या सगळ्या टाइप स्ट्रेन घेऊन वंशवृक्ष काढा. टक्केवारीत पहिला आलेला शेजारी वंशवृक्षात तुमच्या फांदीवर असेलच असे नाही. तुमच्या जिवाणूची खरी बहीण यादीत तिसरी-चौथी असल्याचे मी पाहिले आहे.

यापुढचा भाग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. शेजारच्या दोन-तीन टाइप स्ट्रेन जिवाणूसंग्रहातून मागवून त्या तुमच्या जिवाणूबरोबर, एकाच दिवशी, एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला वाढवून तपासायच्या. विद्यार्थी हे टाळतात आणि शेजाऱ्यांचे गुण जुन्या शोधनिबंधांतून उतरवून घेतात. मग तक्त्यात जो फरक दिसतो तो जिवाणूंचा आहे की दोन प्रयोगशाळांचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

तापमानाचीच गोष्ट घ्या. एका मे महिन्यात माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एका जिवाणूच्या मेदाम्लांचे नमुने तयार केले, एकाने महिन्याच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याने शेवटी. दोघांनीही इन्क्युबेटर ३० अंशांवर ठेवल्याचे वहीत लिहिले होते. निकाल मात्र इतके वेगळे आले की ते दोन जिवाणू आहेत असेच कोणी म्हटले असते. दोन दिवस माध्यम, रसायने, बाटल्या असे सगळे तपासून झाल्यावर मी इन्क्युबेटरमध्ये पाण्याच्या भांड्यात साधा थर्मामीटर ठेवला. पारा ३९ वर होता. आमचा इन्क्युबेटर फक्त तापवणारा होता, थंड करणारा नव्हता. बाहेर ४५ अंश आणि खोलीत ४१ असताना त्याची काच कितीही ३० दाखवो, आत ३० होणे शक्यच नव्हते. उष्णता वाढली की जिवाणू आपल्या पेशीपटलातील मेदाम्ले बदलतो, पटल फार प्रवाही होऊ नये म्हणून. म्हणजे आम्ही मोजले होते ते विदर्भातील ऊन. तेव्हापासून आमच्याकडे हे काम थंड करू शकणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्येच होते, आणि त्यातही थर्मामीटर वेगळा ठेवलेला असतो. तुमच्याकडे तसा इन्क्युबेटर नसेल तर हे प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा.

कोणते गुण तपासायचे? वाढीसाठी मिठाचे, पीएचचे आणि तापमानाचे पट्टे, कॅटॅलेज आणि ऑक्सिडेज, कोणत्या शर्करांवर आम्ल तयार होते, स्टार्च व केसिन पचते का, हे सगळे तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते. मेदाम्ले, क्विनोन, ध्रुवीय लिपिड आणि पेशीभित्तिकेतील अमिनो आम्ले यांसाठी बाहेर जावे लागते. यांपैकी शेवटचे तुमच्यासाठी विशेष उपयोगी आहे. बॅसिलसच्या बहुतेक नातेवाइकांच्या पेशीभित्तिकेत डायअमिनोपिमेलिक आम्ल असते, तर हॅलोबॅसिलसच्या बहुतेक प्रजातींच्या भित्तिकेत त्या जागी ऑर्निथिन असते. आधी स्पोरोसार्सिना हॅलोफिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूला १९९६ मध्ये हॅलोबॅसिलस हे स्वतंत्र जीनस देऊन हलवले, त्याच्या वर्णनातही ही खूण आहे. तुमच्या जिवाणूत ऑर्निथिन मिळाले तर जीनसचा पुरावा भक्कम होतो. मिळाले नाही तर गोष्ट अधिक रंजक होते, पण मग पुन्हा शुद्धतेपासून सुरुवात करा.

एकाच स्ट्रेनवर प्रजातीचे वर्णन करायला नियमाची आडकाठी नाही आणि बहुतेक वर्णने तशीच होतात. मला ते मनापासून पटत नाही. एका माणसाला पाहून गावाचा स्वभाव सांगण्यासारखे ते आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूच्या एखाद-दोन शेतांतून तसाच जिवाणू मिळवण्याचा प्रयत्न करा. एकाच प्लेटवरच्या चार वसाहती मात्र चार स्ट्रेन म्हणून दाखवू नका. त्या बहुधा एकाच पेशीची लेकरे असतात.

एम.एस्सी.च्या एका वर्षात यातले किती होईल, हे तुमच्या मार्गदर्शकांकडे असलेल्या निधीवर आणि कोणाचे सहकार्य मिळते यावर अवलंबून आहे. माझा सल्ला असा की प्रकल्पापुरते शुद्धीकरण, संपूर्ण १६एस, वंशवृक्ष आणि आपल्याच प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्या एवढे पूर्ण करा, आणि 'हॅलोबॅसिलस जीनसमधील संभाव्य नवी प्रजाती' असे लिहा. 'संभाव्य' या शब्दात कमीपणा नाही. तोंडी परीक्षेला बसणारा परीक्षक त्या एका शब्दावरून विद्यार्थिनीला विषय कळला आहे, हे ओळखतो. जीनोम, टाइप स्ट्रेनशी तुलना आणि रासायनिक गुण हे पुढच्या टप्प्यात, पीएच.डी.साठी किंवा एखाद्या प्रयोगशाळेबरोबर करता येतील.

नाव वैध होण्यासाठी आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. नव्या प्रजातीची टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील दोन मान्य जिवाणूसंग्रहांत जमा करावी लागते, आणि ती कोणत्याही संशोधकाला निर्बंधाविना मिळेल अशी प्रमाणपत्रे जोडावी लागतात. भारतात पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगडचे एमटीसीसी हे संग्रह आहेत. दुसरी प्रत परदेशी जाते आणि तिथे आपला जैवविविधता अधिनियम, २००२ लागू होतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया केल्याशिवाय जिवाणू बाहेर पाठवू नका. नेमके कोणते कागद लागतील हे सहकार्य कोणाशी आणि कशासाठी आहे यावर ठरते, म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूरलाच आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन बोलणे आपल्याला सोपे पडते. निबंध तयार आणि कागद अडलेले, अशा अवस्थेत कित्येक महिने घालवलेले लोक मला माहीत आहेत.

जिवाणू वाढवता येतो, हे तुमचे भाग्य समजा. आपल्या संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, सायला किडीमार्फत आणि कलमांतून पसरतो, पण शुद्ध रूपात वाढवून संग्रहात ठेवता आलेला नाही. त्यामुळे तो आजही 'कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस' या उमेदवारी नावानेच ओळखला जातो. अशा जिवाणूंसाठी जीनोमलाच टाइप मानणारी सीक्वकोड ही वेगळी संहिता २०२२ मध्ये पुढे आली आहे. जो प्लेटवर वाढतो त्याच्यासाठी जुना, कष्टाचा मार्गच घ्यावा, असे माझे मत आहे.

राहिला गावाच्या नावाचा प्रश्न. गावाचे नाव निश्चित देता येते. स्थळावरून नाव देताना लॅटिन पद्धतीने '-एन्सिस' हा प्रत्यय लावतात; लोणारच्या सरोवरातून मिळालेल्या एका जिवाणूचे नाव सेसेंबिया लोणारेन्सिस आहे. हॅलोबॅसिलस हा शब्द लॅटिनमध्ये पुल्लिंगी असल्याने '-एन्सिस' चालेल. जीनसचे नाव रायझोबियमसारखे नपुंसकलिंगी असते तर '-एन्से' करावे लागले असते. स्वतःचे नाव स्वतःच्या प्रजातीला देऊ नये, असा संकेत आहे. नावाची व्युत्पत्ती निबंधात लिहावी लागते आणि त्याबरोबर नमुना कुठून, केव्हा घेतला हेही द्यावे लागते. तुम्ही प्रश्नात फक्त 'आमचे शेत' म्हटले आहे. त्या जागेचे अक्षांश-रेखांश, मातीची खोली, घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीचा मातीचा पीएच वहीत नसेल, तर मृगाचा पाऊस पडण्याआधी त्याच जागेवरून पुन्हा नमुना घ्या. पावसानंतर वरच्या थरातील क्षार खाली झिरपतात आणि तोच नारिंगी जिवाणू पुन्हा हाती लागेलच, याची खात्री राहत नाही.